बाजू दुसरी, गाणं तिसरं

लोक अजून विचारतात, कोणावर आहे ते गाणं?
कुठल्या मुलानं आयलीला एवढं छळलं
की दोन मिनिटं अकरा सेकंदांत
तिनं स्वतःचा घसा सोलून ठेवला?

मुलगा नव्हता.
टर्की होती.
अठरा पौंडांची, दगडासारखी गोठलेली,
आणि तिच्या तंगडीला रबरबँडनं अडकवलेला एक लिफाफा.

होक्वियमच्या गिरणीत
हिल्का कांगास बावीस वर्षं छपरांसाठी फळ्या चिरत होती.
डाव्या हाताची दोन बोटं गिरणीला देऊन झाली होती,
हप्त्याहप्त्यानं, असं ती स्वतःच म्हणायची
आणि हसताना तोंडावर हात धरायची,
तोच हात.

त्या नोव्हेंबरात, सणाच्या आदल्या संध्याकाळी
फोरमननं सगळ्यांना रांगेत उभं करून एकेक पक्षी वाटला.
लिफाफा घरी जाऊन उघडा, म्हणाला.
माणूस वाईट नव्हता.
डोळ्याला डोळा भिडवणं मात्र त्याच्याच्यानं होईना.

मी यातलं काही पाहिलेलं नाही. मी नुसता बेस वाजवायचो.
आयलीनं मला सांगितलं ते व्हॅनमध्ये,
ऑलिंपियाच्या अलीकडे कुठंतरी,
वायपर बंद पडलेला, मी खिडकीतून हात काढून
बाहीनं काच पुसतोय, आणि ती गाडी चालवत बोलतेय
जसं काही दुकानातून आणायच्या सामानाची यादी.

अकरा वर्षांची ती, जिन्यावर, पायांत नुसते मोजे.
खाली अंगणात ओंडक्यावर आईनं पक्षी ठेवला.
कुऱ्हाड उचलली.
चार घाव. मग पातं रुतायचं,
पाय देऊन उपसायचं.
मग दोन घाव.
पुन्हा पहिल्यापासून.
चार, एक ओढ, दोन.
आयली मोजत बसली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आई ओरडली नाही. हे तिनं मला दोनदा सांगितलं.
शेजारचे म्हातारे वुकिच कंदील घेऊन बाहेर आले
तर हिल्का म्हणाली, माफ करा, तुमची झोपमोड झाली,
आणि पोरानं काडेपेटी लपवावी तशी
कुऱ्हाड पाठीमागे धरून उभी राहिली.

आम्ही रेकॉर्ड केलं टकोमात,
कपडे धुवायच्या दुकानाखालच्या तळघरात, तासाला पंधरा डॉलर.
वर मशीन पिळायला लागलं की थांबायचं.
ड्रमवर डेल ऑस्टबी. तो म्हणाला, सातात कोण मान हलवणार?
तिनं काही समजावलं नाही.
त्याच्या हातातली काठी घेतली आणि दाराच्या चौकटीवर
चार, एक ओढ, दोन.
चौकटीचं टवकं उडालं. त्याचे पैसे आम्ही भरले.
पुढं कुणीतरी छापलं : विषम मात्रांचा धाडसी प्रयोग.

गिटार इतकी खाली उतरवलेली,
त्याचंही कौतुक झालं. तिला सर्दी झाली होती, एवढंच.

आणि तिसऱ्या कडव्यात शब्द नाहीत असं लोक समजतात.
आहेत. तिची वही माझ्याकडे आहे.
"माफ करा", एकाखाली एक, सतरा वेळा,
शेवटी शेवटी पेन कागदातून आरपार.
तुम्ही जे ऐकता ते तेच आहे,
फक्त इतकं ताणलेलं
की त्यातली क्षमा ओळखू येत नाही.

कॅसेट आली तेव्हा आम्ही ती हिल्काला ऐकवली,
तिच्याच स्वयंपाकघरात, तीन बोटं टेबलावर पालथी ठेवून ती ऐकत होती.
संपल्यावर म्हणाली,
तो पक्षी आपण नंतर खाल्ला, आयली. तीन दिवस सूप.
ते घातलं नाहीस.

मग थोडं थांबून टेबलावर वाजवून दाखवलं.
ओढ यापेक्षा लांब होती, म्हणाली. हे फारच लवकर निघतंय.
सहजी सुटायची नाही ती.

त्यानंतर जिथं जिथं वाजवलं
तिथं आम्ही ती जागा लांबवली, लोकांना वाटायचं आम्ही चुकलो.
अल्बमवर मात्र अजून
कुऱ्हाड लवकर निघते.